एकच गणित

साठी उलटलेल्या मावशींनी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे रसायनशास्त्राची शिकवणी लावली, तेव्हा "तांदूळ सोडून आता अणू निवडणार म्हणे!" म्हणत सगळी गल्ली हसली. मावशी मात्र बंद भांड्यात ब्लीच आणि अ‍ॅसिड मिसळल्याचं एकच गणित रोज नव्यानं सोडवत, आणि अचूक सोडवत.

"अहो मावशी, आता पुढचं घ्या की! या गणिताशी काय लग्न लावलंय?" बाई वैतागल्या.

"भांडं उघडं असतं तर हो?"

"मग काय, वायू उडून गेला असता. फार तर ठसका लागला असता."

मावशींनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.



न्हाणीघर घासताना सून गुदमरून गेली, त्या दिवशी वास घरभर नको म्हणून बाहेरून कडी त्यांनीच घातली होती.