घरची गाजरं

"भाऊजी, जरा बघा हो. बागेत नुसती घाण सुटलीये," म्हणत थोरल्या वहिनींनी दिराला गाजरांच्या वाफ्यापाशी नेलं. दीर माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याने कुदळीने हातभर उकरलं आणि कुजक्या अंड्यांचा असा भपकारा आला, की त्याने तोंडच फिरवलं. माती काळी, बुळबुळीत. गांडूळ औषधालाही सापडेना. खाली संडासाचा पाइप फुटून झिरपत होता.

"वहिनी, माती पार नासलीये. यातलं काही खाल्लं नाहीत ना?"

"छे हो! वास यायला लागल्यापासून आम्ही कुणी तोंडात घातलं नाही. मला तर बघूनच ओकारी येते."

"कधीपासून येतोय?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

कुदळ त्याच्या हातात तशीच राहिली. दर रविवारी वहिनींकडून पिशवी भरून गाजरं यायची. त्याची धाकटी तर येता-जाता कच्चीच कुरतडायची.

"मग आमच्याकडे पाठवत होतात ती?"

वहिनींनी नाकावरचा रुमाल जरासा बाजूला केला.

"अहो, एवढं हाताने लावलेलं. फेकून द्यायचं जिवावर येतं."