नाताळचा सिनेमा

चोवीस डिसेंबरची संध्याकाळ होती. तांबरमच्या फ्लॅटमध्ये उमाकांत आणि चारुलता टीव्हीसमोर बसून वाद घालत होते. पडद्यावर रक्ताने माखलेला हिरो दहा-बारा गुंडांना एकटाच झोडपत होता.

“याला नाताळचा सिनेमा म्हणतात?” रेल्वेतून निवृत्त झालेले उमाकांत वैतागले. “नुसती हाणामारी! मागे एक चांदणी टांगली की झाला नाताळ?”

“चांदणीचं काय घेऊन बसलात? त्याला सणाला आपल्या माणसांकडे पोचायचंय. जो आडवा येईल त्याला तो बाजूला करतोय. नाताळ म्हणजे आणखी काय असतं?”

“तुला काय कळतंय त्यातलं? आपला सण तरी आहे का तो?”

चारुलता उठली. आत गेली, साडी बदलून आली आणि करंज्यांचा डबा पिशवीत ठेवला.

“कुठे निघालीस?”

“सहानाकडे.”

उमाकांत ताडकन उठून दारात उभे राहिले. सहानाने चर्चमध्ये लग्न केल्यापासून, चार वर्षं, लेकीचं नावही त्यांनी घरात काढू दिलं नव्हतं.

“तिच्याकडे कुणी जायचं नाही, हे ठरलंय आपलं.”



“तुमचं ठरलं होतं, माझं नाही,” चारुलता चपला घालत म्हणाली. “आता सरका, नाहीतर हाणामारी इथेच सुरू होईल.”