दोऱ्यांचा गुंता

गणिताचा पहिला प्रश्न वाचतानाच शर्वरीची छाती आवळली, बोटं बधिर झाली. गेल्या वर्षीही असंच झालं होतं आणि ती कोरी उत्तरपत्रिका टाकून पळाली होती.

ती उठली. "मॅडम, जाऊ द्या मला. श्वासच घेता येत नाहीये."

पर्यवेक्षिकांनी पाठीवर हात फिरवून तिला बसवलं आणि पुरवण्या बांधायच्या दोऱ्यांचा गुंतलेला पुंजका तिच्यापुढे ठेवला. "जा हवं तर. पण आधी एवढा गुंता सोडवून दे. मला बारीक दिसत नाही गं."

शर्वरीनं एक टोक शोधलं. एकेक दोरा सुटा होत गेला, तसा श्वासही ठिकाणावर आला. दोरे परत देऊन तिनं पेन उचललं. मग पानांमागून पानं भरली.

पुरवणी मागायला तिनं हात वर केला, तेव्हा मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. तिनं सोडवलेले दोरे त्या तळव्यांत चोळून पुन्हा गुंतवत होत्या आणि त्यांची नजर शेवटच्या बाकावर होती. तिथली मुलगी पेन टाकून छाती धरून बसली होती.

शर्वरीनं हात हळूच खाली घेतला.