फाटकासमोरची बारा मिनिटं

जीपीएसचं घड्याळ खोटं बोलत नाही, असं मी माझ्या सायकलपटूंना बजावतो. त्यांच्यातला एक सुतार दर रविवारी घड्याळाच्या नकाशात एकाच फाटकासमोर बारा मिनिटं थांबलेला दिसायचा. शेवटी मी भडकलो. “शर्यत तोंडावर आलीय आणि तू तिथं माशा मारत बसतोस?” मान खाली घालून तो म्हणाला, “सर, घटस्फोटानंतर लेक तिच्या आईकडे असते. मला भेटू देत नाहीत. रविवारी ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारते, तेवढीच लांबून दिसते.” त्या बारा मिनिटांबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढला नाही. आज तो परतला, तेव्हा घड्याळावर नवा विक्रम झळकत होता. मी ओरडलो, “शाब्बास! कुठेच थांबला नाहीस!” त्यानं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. “फाटकाला कुलूप आहे, सर. गाव सोडून गेल्या दोघी. आता थांबू कुठे?”