लाव्हासाठी मांडलेलं पान

टेबलावर पाव, चीज आणि वाइनची सुरई मांडून वेनेरांदोनं स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. लाव्हा यायची वेळ झाली होती.

"बाबा, आता तरी निघा," मेलिना म्हणाली. एटना ज्वालामुखी फुटला की लाव्हा कुठून कुठे वाहील हे संगणकावर मांडून सांगणं, हे तिचं काम. या वेळी तिच्या गणितात खुद्द वडिलांचं घर जात होतं, म्हणून कातानिया शहरातली सगळी कामं टाकून ती धावत आली होती. शेजारपाजार कधीच रिकामा झाला होता.

"घाई कसली? डोंगर लांबून दमून येतोय बिचारा. दारी आलेल्याला उपाशी धाडतात होय आपल्यात?" म्हाताऱ्यानं पुन्हा केरसुणी हातात घेतली.

"अहो, त्या फरशीवरून आता लाव्हाच फिरणार आहे."

"म्हणून काय केराचं घर द्यायचं त्याला?"

शेवटी केर काढून तो दाराबाहेरच्या बाकावर बसला, तशी तीही त्याच्याशेजारी टेकली. वरून सरकत येणाऱ्या लाव्हाचा काचा फुटत असल्यासारखा आवाज येत होता. हळूहळू तो मंदावला. मग मेलिनाचा फोन वाजला.

लाव्हा वरच्या दगडखाणीत पडून तिथंच थिजला होता. मेलिनाचं गणित ज्या नकाशावर चालायचं, तो खाण खणायच्या आधीचा होता. त्यात त्या जागी नुसता उतार होता.

"घर वाचलं, बाबा." तिला रडू आवरेना. "चूक माझीच. नकाशा जुना निघाला. उगाच तुमच्या जिवाला घोर लावला."

वेनेरांदो बाकावरून उठला. आत जाऊन त्यानं पाव कापला आणि फळीवरून दुसरा पेला काढून धुतला. बापलेक जेवायला बसली. या टेबलाशी आपण शेवटचं कधी जेवलो, हे काही केल्या मेलिनाला आठवेना, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी डोक्यात नवा नकाशा घोळतच होता.

"खाण धरून आजच सगळं पुन्हा मांडते," गाडीची किल्ली शोधत ती म्हणाली. "आता चुकायचं नाही."

वेनेरांदोनं उरलेला पाव फडक्यात बांधून तिच्या हातात दिला.

"एवढं सगळं नीट नको करूस, पोरी," तो म्हणाला. "नाताळच्या सुमाराला एकदा चुकू दे."