दोन मेंढ्यांचा भार

कुशाबा सुतारानं माळावरच्या जत्रेतल्या जुन्या पाळण्याच्या खांबाला करवत टेकवली, तेवढ्यात तुकाबाई टेकाड उतरून धावत आली. पुढं दोन मेंढ्या, हातात करडईच्या तेलाची बुधली.

“थांब कुशाबा. मला एकदा बसायचंय.”

“ह्यात? बारा वर्सं नुसता उभा हाय ह्यो. पंचायतीनं आज तोडायला सांगितलाय, शाळंच्या आढ्याला.”

“मग तोड की. मी बसून उतरल्यावर तोड.”

कुशाबानं त्या चार पेट्यांच्या लाकडी धुडाकडं पाहिलं. “एकट्या माणसानं फिरत न्हाई ह्यो. समोरच्या पेटीत तेवढंच वजन लागतं.”

“म्हून तर ह्या दोघी आणल्या.” तिनं एकीला उचलून पेटीत घातलीसुद्धा.

“वर जाऊन मुतल्या म्हंजी?”

“मुतू दे. आढ्याला वाळवी लागायची न्हाई.”

कुशाबा हसला, पण करवत काही ठेवली नाही.

“आक्का बसली हुती ह्यात,” तुकाबाई म्हणाली. मग त्यानं करवत खाली ठेवली.

बारा वर्षांपूर्वीची ती जत्रा गावात सगळ्यांना ठाऊक होती. पाळणा वर गेला, अन् तुकाची थोरली बहीण अंबा एकदम हसत सुटली. पुढच्या फेऱ्यासाठी खाली उभ्या तुकानं विचारलं, “आक्का, काय दिसतंय?”

“उतरल्यावर सांगते.”

ती उतरली, तोवर पाटलाचा माणूस आला. पटकी आलीय, जत्रा उठवा. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. तिसऱ्या दिवशी अंबा पटकीनं गेली, सांगायचं राहूनच गेलं. पाळणेवाला परतला नाही, अन् त्या माळावर जत्राही पुन्हा भरली नाही.

कुशाबानं आसाला तेल पाजलं, दुसरी मेंढी चढवली. तुकाबाई पेटीत बसली, पदर खोचला, दांडा घट्ट धरला. त्यानं खांदा लावला. पाळणा करकरला, अडला, अन् सुटला.

मेंढ्या बें बें करत खाली आल्या, तुकाबाई वर गेली. बाभळी खाली बसल्या, टेकाड खाली बसलं. पदर सुटून वाऱ्यावर गेला. त्या टेकाडापलीकडं तिनं पाहिलं, अन् ती एकदम हसत सुटली. थांबेचना.

“काय गं, काय दिसतंय?” कुशाबानं खालून विचारलं.

“उतरल्यावर सांगते,” ती वरून म्हणाली. “तू फिरव.”