पांढरा दोरा

कपाटातलं पांढरं झबलं नाहीसं झालं होतं आणि सासूबाईंची नखं काळी होती. शलाकाच्या आईनं शेवटच्या आजारपणात नातीसाठी हातानं शिवलेलं ते एकच झबलं होतं.

"माई, नखांना काय लागलंय?"

"कढईची काजळी."

कढई तर लख्ख होती. जुन्या पातेल्याच्या काठाला मात्र काळानिळा डाग होता, आणि कालच आणलेली मिठाची पिशवी अर्धी झाली होती. शलाकानं दोन्ही गोष्टी मनात टिपून ठेवल्या.

बोरन्हाणाच्या दिवशी सासूबाईंनी पदराआडून काळं झबलं काढलं. शलाकानं ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं. तेच होतं. तिला न विचारता रंगवलेलं.

"आज काळंच लागतं ना," सासूबाई पुटपुटल्या. "म्हटलं, विकतचं नको, आजीच्या हातचंच पोरीच्या अंगावर असावं. पण मेला दोरा काही रंगेना. दोनदा मीठ घालून रंगात उकळलं."

शलाकानं झबलं उजेडाकडे धरलं. सुती कापडानं रंग घेतला होता, पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं नाही. पांढऱ्यावर कधीच न दिसलेला आईचा एकेक तिरपा टाका आता काळ्यावर लखलखत होता.